बैलउतार: इंग्रजी आणि जर्मन गावं, आडनावं आणि त्यांची कुळकथा

माईनकाठची (धागाकर्ती)

गेल्या शनिवारी व्युर्त्सबुर्गहून लोकल गाडीने दक्षिणेकडे चालले होते. एका अंगाला माइन नदी, दुसऱ्या अंगाला उतारावरचे द्राक्षांचे मळे. डोळा लागत होता, तेवढ्यात गाडी एका लहानशा स्टेशनात थांबली. समोर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत नाव: ओक्सनफुर्ट.

ओक्स म्हणजे बैल. फुर्ट म्हणजे नदीचा उतार, पायी किंवा गाडीबैलासकट पलीकडे जाता येतं ती उथळ जागा. म्हणजे बैलउतार. आणि मग झोपच उडाली. अरे, हे तर ऑक्सफर्ड! ज्या नावापुढे सगळं जग अदबीने उभं राहतं त्याचा अर्थ एवढाच, की इथून बैल पाण्यात घालता येतात. एक बैलउतार टेम्सकाठी, एक माइनकाठी. पहिल्याचं विद्यापीठ झालं, दुसऱ्याच्या स्टेशनात मी आणि सायकलवाले दोन आजोबा एवढेच होतो.

घरी येऊन नकाशा उघडला. एकट्या माइनवर चार फुर्ट सापडले: हासफुर्ट, श्वाइनफुर्ट, ओक्सनफुर्ट आणि सगळ्यांत खाली फ्रँकफुर्ट, म्हणजे फ्रांक लोकांचा उतार. विमानतळावर इतक्यांदा उतरले, पण 'फुर्ट'कडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

तेव्हापासून नाद लागलाय. इंग्लंड-जर्मनीतली गावांची नावं आणि आडनावं यांच्याबद्दल ज्याला जे ठाऊक असेल ते इथे लिहा. ऐकीव गमतीही चालतील, फक्त त्या ऐकीव आहेत हे सांगा.

---

ऱ्हाइनवाला

मस्त धागा. मी ड्युसेलडॉर्फला राहतो, त्यामुळे 'डॉर्फ'पासून सुरुवात करतो. ड्युसेल नावाचा एक ओढा आहे, त्याच्या काठचं खेडं ते ड्युसेलडॉर्फ. आता इंग्लंडातलं स्कनथॉर्प घ्या. त्यातलं 'थॉर्प' आणि हे 'डॉर्फ' एकच. इंग्रजी थ च्या जागी जर्मनमध्ये ड येतो (थ्री-ड्राय) आणि प चा फ होतो (शिप-शिफ). तसाच ट चा त्स किंवा स होतो: टेन-त्सेन, वॉटर-वासर.

हे नियम हाताशी असले की नावं आपोआप जुळायला लागतात. हॅम आणि हाइम एकच, दोन्हींचा अर्थ घर, वस्ती. बर्मिंगहॅम म्हणजे बेओर्मा नावाच्या कुणा माणसाच्या गोतावळ्याची वस्ती. मानहाइममध्येही तेच हाइम आहे. बरी, बरो आणि बुर्ग एकच: तटबंदीची जागा.

मला सगळ्यांत आवडतो तो 'टन'. साउदॅम्प्टन, ब्रायटन, वॉशिंग्टन यांच्या शेपटीतला. जुन्या इंग्रजीत 'टून', आजचा 'टाउन'. ट चा त्स करा: जर्मन 'त्साउन', अर्थ कुंपण! डच भाषेत 'टाउन'सारखाच ऐकू येणारा त्याचा भाऊ आहे, त्याचा अर्थ बाग. म्हणजे आधी कुंपण, मग कुंपणातली जागा, मग इंग्लंडात त्या जागेतलं घर, शेतवाडी, गाव, शहर.

आता आपली 'वाडी' बघा. मूळ संस्कृत 'वाट', म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यावरून सावंतवाडीतली वाडी म्हणजे वस्ती, आणि कोकणातली नारळी-पोफळीची वाडी म्हणजे बाग. शब्द वेगळा, मूळ वेगळं, पण प्रवास जसाच्या तसा तोच.

ता.क. वर सांगितलेल्या उच्चारबदलाची सीमा आमच्या शहरातूनच जाते. दक्षिणेला बेनराट नावाचा भाग आहे, तिथे गुलाबी रंगाचा राजवाडा आहे. जुन्या बोलींत त्या रेषेच्या उत्तरेला 'करणे' म्हणजे 'माकन' आणि दक्षिणेला 'माखन'. भाषाशास्त्रात त्या रेषेला बेनराट रेषा असंच नाव आहे. रोज ट्रॅमने ती ओलांडतो, अजून लोणी मिळालेलं नाही.

---

उगाच_आपलं

हहपुवा (हसून हसून पुरे वाट). वाचनखूण साठवली आहे.

---

लेस्टरकर

नावावरून कळलंच असेल कुठे राहतो ते. पहिल्यांदा आलो तेव्हा लंडनच्या स्टेशनात खिडकीवर ऐटीत 'वन टिकट टू लायसेस्टर' म्हणालो. आतल्या बाईंनी शांतपणे 'लेस्टर?' विचारलं. मी म्हटलं, नाही हो, लायसेस्टर. मागे रांग लागलेली. शेवटी कागदावर लिहून दाखवलं आणि त्यांनी काही न बोलता लेस्टरचं तिकीट दिलं.

त्यातलं 'सेस्टर' हे रोमन छावणीचं उरलेलं हाड आहे. लॅटिन 'कास्त्रा' म्हणजे लष्करी तळ. त्याचे इंग्लंडात तीन अवतार झाले: मँचेस्टरमधला चेस्टर, लँकेस्टरमधला कॅस्टर आणि लेस्टर, ग्लॉस्टर, वुस्टरमधला गिळलेला सेस्टर. उत्तरेत कॅस्टर जास्त, कारण तिथे डेन लोक (डेन्मार्ककडचे) येऊन बसले होते आणि त्यांच्या तोंडात च ऐवजी क बसायचा.

या डेन लोकांचा माग काढायचा तर नकाशा घ्या आणि लंडनहून वायव्येला जाणारा जुना रोमन रस्ता शोधा, वाटलिंग स्ट्रीट. त्याच्या ईशान्येला 'बी'ने संपणारी गावं खच्चून भरली आहेत: डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी. 'बी' म्हणजे त्यांच्या भाषेत गाव. रस्त्याच्या नैर्ऋत्येला ही नावं जवळजवळ गायब. नवव्या शतकात राजा आल्फ्रेड आणि डेनांचा गुथ्रम यांच्यात जो तह झाला त्याची सीमा काही अंतर याच रस्त्याने जायची. हजारहून जास्त वर्षं झाली, तह कुणाच्या लक्षात नाही, पण नावं अजून आपापल्या बाजूला बसून आहेत. रग्बी हेही 'बी'ने संपणारं गावच, खेळ नंतरचा.

आमच्या गावात गॅलोट्री गेट नावाचा बाजाररस्ता आहे. नवा होतो तेव्हा दरवाजा शोधत दोनदा फिरलो. दरवाजा नाहीच! 'गेट' हा डेनांचा शब्द, अर्थ रस्ता. गॅलोट्री म्हणजे फाशीचं झाड. फाशीच्या झाडाकडे जाणारा रस्ता. आता तिथे बूट मिळतात. यॉर्कमध्ये तर म्हणतातच, आमच्याकडे रस्त्याला गेट म्हणतात, गेटला बार म्हणतात आणि बारला पब.

---

वेदवाणी

इतकं लांब जायची गरज नाही. ऑक्सफर्ड हे मूळचं 'उक्षप्रस्थ' आहे. संस्कृतात उक्षन् म्हणजे बैल. इंद्रप्रस्थ, तसंच उक्षप्रस्थ. आपलीच नावं आपल्याला परत शिकवतायत.

---

खवट_आजोबा

आलेच.

---

जुनीपोथी

वेदवाणी, तुमचं अर्धं बरोबर आहे, म्हणून उत्तर देते. 'उक्षन्' आणि 'ऑक्स' खरोखरच सख्खे आहेत, दोघांची आजी एकच. पण आजी एक असणं वेगळं आणि एकाने दुसऱ्याला जन्म देणं वेगळं. 'फर्ड'चा 'प्रस्थ'शी संबंध नाही. त्याचं मूळ 'ओलांडणे' या अर्थाचं आहे आणि आपल्याकडे त्याचा नातेवाईक शोधायचा तर 'पार' हा शब्द घ्या: पलीकडचा काठ, पार करणे. ग्रीकमधला 'पोरोस' त्याच घरातला. इस्तंबूलची बॉस्पोरसची सामुद्रधुनी आहे ना, ग्रीक लोक तिच्या नावाचा अर्थ 'गायीबैलांची ओलांडायची जागा' असाच लावायचे. म्हणजे धागाकर्तीचा तिसरा बैलउतार तिथे आहे. फक्त तिथे बैल घालू नका.

आणखी दोन नातेवाईक देते, म्हणजे तुमचं मन भरेल. बुर्ग आणि आपलं 'बृहत्' एका मुळाचे, अर्थ उंच. नॉर्विच, ग्रिनिचमधला 'विच' लॅटिन 'विकुस'वरून आला, आणि विकुसची बहीण म्हणजे वेदातली 'विश्', जिच्यावरून वैश्य.

आता मुद्द्याचं. नावाचा अर्थ आजच्या रूपावरून लावायचा नाही, सापडेल तितकं जुनं लिखित रूप काढायचं. इंग्लंडात त्यासाठी १०८६ सालची डूम्सडे बुक ही जमीनमहसुलाची नोंद आहे. तिच्यात नॉटिंगहॅम कसं लिहिलंय माहीत आहे? 'स्नॉटिंगेहॅम'. स्नॉट नावाच्या माणसाच्या गोताची वस्ती. नॉर्मन कारकुनांच्या फ्रेंच जिभेला सुरुवातीचा 'स्न' झेपेना, त्यांनी स गाळला. आजच्या इंग्रजीत स्नॉट म्हणजे शेंबूड, तेव्हा गावाने त्या कारकुनांचे आभारच मानावेत. योगायोग असा, की इंग्लंडातल्या स्थलनामांचा गावोगाव अभ्यास करणारी संस्था आज त्याच नॉटिंगहॅमच्या विद्यापीठात आहे.

---

ऱ्हाइनवाला

जर्मनीतली रोमन हाडंही सांगून टाकतो. कोलोन म्हणजे 'कोलोनिया', इ.स. ५० मध्ये मिळालेला रोमन वसाहतीचा दर्जा. इंग्लंडातल्या लिंकनच्या शेपटीतला 'कन' तोच. कोब्लेन्त्स हे लॅटिन 'कॉन्फ्लुएन्तेस', म्हणजे संगम, तिथे मोझेल ऱ्हाइनला मिळते. आपल्याकडे असतं तर संगमनेर नाहीतर संगमेश्वर झालं असतं.

---

बोरूबहाद्दर

बर्लिन म्हणजे अस्वलांचं गाव ना? झेंड्यावर अस्वल आहे. जर्मन भाषेत अस्वल म्हणजे 'बेअर'.

---

जुनीपोथी

हाच तो खड्डा! अस्वल नावावरून आलं, नाव अस्वलावरून नाही. बर्लिन हे स्लाव लोकांचं नाव, दलदल अशा अर्थाच्या शब्दावरून. जर्मन लोक ते उच्चारताना जोर 'लिन'वर देतात, तीच खूण. श्वेरिनचंही तसंच. नंतर आलेल्या जर्मनांना त्यात 'बेअर' ऐकू आला आणि तेराव्या शतकातच शहराच्या शिक्क्यावर अस्वलं चढली. आता कोण काढणार?

एल्ब आणि तिची उपनदी 'झाले' यांच्या पूर्वेला गेलात की अशी नावं पावलोपावली. लाइप्झिश म्हणजे लिंडनच्या झाडांचं गाव, स्लाव 'लिपा'वरून. केमनित्स म्हणजे दगडाळ ओढा. या केमनित्सला पूर्व जर्मनीने १९५३ मध्ये कार्ल-मार्क्स-श्टाट केलं आणि १९९० मध्ये लोकांनी मतदान करून जुना दगडाळ ओढा परत आणला. बर्लिनच्या पांको, ट्रेप्टो या उपनगरांच्या स्पेलिंगात शेवटी एक मुका 'व' असतो, तोही स्लाव. आणि बाउट्सनला गेलात तर पाटीवर दोन नावं दिसतील, खालचं 'बुडिशिन'. तिथे सॉर्ब ही स्लाव भाषा अजून बोलतात.

दुसरा खड्डा: आइसलेबेन, मार्टिन ल्यूथरचं जन्मगाव. 'लेबेन' म्हणजे जीवन, हे कुणालाही वाटेल. इथे तसं नाही. हा 'लेबेन' म्हणजे मागे ठेवलेलं, वारसाहक्काने आलेलं. अमक्याचं वतन म्हणा. त्या भागात असली लेबेनं डझनांनी आहेत.

---

खवट_आजोबा

गावं पुरे. आडनावांवर या. जर्मनीत ज्याला त्याला गिरणी.

---

माईनकाठची

आजोबा, खरंय. म्युलर हे जर्मनीतलं सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव, अर्थ पाणचक्कीवाला. आपल्याकडे ज्यांच्या नावाने भवनं आहेत ते मॅक्स म्युलरही अर्थाने गिरणीवालेच. त्याखालोखाल श्मिट, म्हणजे लोहार. इंग्लंडात पहिला नंबर स्मिथचा. मग श्नायडर-टेलर, फिशर, बेकर, वेबर. वेबर म्हणजे विणकर; इंग्रजीत त्याचं वीव्हर होतं आणि वेब्स्टरसुद्धा. 'स्टर' ही मुळात बाईसाठीची शेपटी! वेब्स्टर विणकरीण, बॅक्स्टर भटारीण.

माझ्या बिल्डिंगच्या बेलच्या फळ्यावर एका उभ्या ओळीत श्मिट, कोवाल्स्की, नोवाक, नॉयमान अशी नावं आहेत. कोवाल्स्की म्हणजे पोलिश लोहार. नोवाक म्हणजे नवा आलेला, नॉयमान म्हणजेही नवा माणूस. म्हणजे दोन लोहार आणि दोन नवखे. त्याखाली आम्ही, खरे नवखे.

---

लेस्टरकर

एकाच धंद्याची तीन आडनावं इकडे आहेत. लोकरीचं कापड पाण्यात तुडवून घट्ट करायचं काम असे. ते करणारा आग्नेय इंग्लंडात फुलर, नैर्ऋत्येला टकर आणि उत्तरेत वॉकर. वॉकर म्हणजे चालणारा खराच, पण जागच्या जागी, ओल्या कापडावर.

वेल्समध्ये वेगळी तऱ्हा. तिथे 'आप' म्हणजे चा मुलगा. आप हाउएलचं झालं पॉवेल, आप रीसचं प्राइस, आप हॅरीचं पॅरी. आपलं 'आप' आडनावात चिकटून बसलंय हे किती जणांना माहीत नसतं.

---

बोरूबहाद्दर

मग श्मिट ही लोहार जात झाली का?

---

जुनीपोथी

नाही. बाराव्या-तेराव्या शतकापासून शहरं वाढली, एका गल्लीत पाच हान्स झाले, तेव्हा लोहार हान्स, लांबडा हान्स, ओढ्याकाठचा हान्स असं म्हणायला लागले आणि पुढे ते गोठलं. गोठलं तेव्हा जो लोहार होता त्याचा नातू श्मिट राहिला, मग तो न्हावी असो. लग्नाशी त्याचा संबंध लागत नाही.

आपल्याशी जवळचा दुवा दुसरा आहे. जर्मन 'अर' ही शेपटी आपल्या 'कर'चं काम करते. ओपेनहाइमचा तो ओपेनहाइमर, आडेनाऊचा तो आडेनाउअर. आणि गावाच्या कारभारावरून आलेली आडनावं बघा: शुल्ट्स, शोल्त्स म्हणजे गावकऱ्यांकडून देणं वसूल करणारा मुख्य, सरळ आपला पाटील. मायर म्हणजे जमीनदाराच्या शेतीचा कारभारी. त्याचं स्पेलिंग चार प्रकारे करतात आणि चौघेही स्वतःचंच बरोबर मानतात.

युद्धोत्तर चॅन्सेलर ओळीने घेतलेत तरी सगळे नमुने मिळतात. आडेनाउअर गावावरून, श्मिट धंद्यावरून, कोल म्हणजे कोबी (पिकवणारा किंवा विकणारा), श्र्योडर म्हणजे कापणारा, बहुधा शिंपी. मेर्केल हे मार्कवार्ट या जुन्या नावाचं लाडकं रूप, आणि तेही बाईंच्या पहिल्या नवऱ्याचं. शोल्त्स वर आलाच.

एक दुखरी बाजूही आहे. बऱ्याच ज्यू कुटुंबांना पिढीजात आडनाव नव्हतंच, मुलापुढे बापाचं नाव लावत. १७८७ मध्ये ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या योझेफने हुकूम काढून जर्मन आडनाव घ्यायला लावलं, प्रशियात १८१२ मध्ये आडनाव नागरिकत्वाची अट झालं. फ्रँकफुर्टचे रोथशिल्ड त्याआधीचे, ते ज्यू गल्लीतल्या लाल ढालीच्या पाटीच्या घरावरून.

---

ऱ्हाइनवाला

भाषांतर करून घेतलेली आडनावं राहिली. आपल्या सगळ्यांना पाठ असलेलं: माउंटबॅटन. हेसमधल्या बाटेनबर्ग गावावरून घराण्याचं नाव बाटेनबर्ग. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात जर्मन नाव जड व्हायला लागलं, तेव्हा १९१७ मध्ये 'बर्ग'चा 'माउंट' केला आणि उचलून पुढे लावला. त्याच वर्षी, त्याच महिन्यात राजघराणं विंडसर झालं.

आणि माझं सगळ्यांत लाडकं. सतराव्या शतकात ड्युसेलडॉर्फला योआखिम नेआंडर नावाचे धर्मगुरू-कवी होते. घराण्याचं मूळ आडनाव नॉयमान. आजोबांनी तेव्हाच्या विद्वानांच्या फॅशनप्रमाणे त्याचं ग्रीक करून नेआंडर केलं. नेआंडर ज्या दरीत जाऊन बसायचे तिला पुढे लोक त्यांच्या नावाने ओळखायला लागले: नेआंडरटाल. १८५६ मध्ये तिथल्या चुनखडीच्या खाणीत हाडं निघाली. म्हणजे जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध जुन्या माणसाचं नाव आहे 'नव्या माणसाची दरी'.

धागाकर्ती, तुमच्या बेलच्या फळ्यावरच्या नॉयमानांना सांगा.

---

उगाच_आपलं

हे भारी आहे! अवांतर: जर्मनीत आपल्या नावांचं काय करतात?

---

माईनकाठची

हाल करतात. मुलीचा जन्म नोंदवायला इथल्या एका कार्यालयात गेलो होतो. अर्जात मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, आपल्या सवयीने लिहिलं. समोरच्या बाईंनी चष्मा वर केला. मुलीला पुरुषाचं नाव का? म्हटलं, ते तिचं नाव नाही, वडिलांचं आहे. मग ते तिच्या नावात का? बापाचं नाव मधे असतं म्हणून. पाऊण तास गेला. शेवटी मधलं नाव वगळलं आणि माझ्या पासपोर्टात एक, तिच्या दाखल्यात दुसरी अशी पद्धत झाली.

गंमत म्हणजे १ मे २०२५ पासून जो नवा नामकायदा लागू झालाय त्यात उत्तरेतल्या फ्रीजियन लोकांना बापाच्या नावावरून आडनाव घ्यायची जुनी रीत परत मिळाली, आणि सॉर्ब बायकांना आडनावाचं स्त्रीलिंगी रूप लावता येतं. मी फ्रीजियन नाही ही माझीच चूक.

ऱ्हाइनवाला, नेआंडरचं काल जिन्यात सांगितलं. नॉयमान आजी नुसत्या हसल्या, पण कोवाल्स्की काका चिवट. म्हणाले, आमचं सगळ्यांचं झालं, तुझ्या आडनावाचा अर्थ काय? आता माझं आडनाव कुलकर्णी, तशी ढिगाने आहेत, सांगायला हरकत नाही. म्हटलं, गावाचा हिशेब आणि दप्तर लिहिणारा. काका म्हणाले, मग सरळ श्रायबर की!

आज सकाळी पेपर आणायला खाली गेले तर बेलच्या फळ्यावर आमच्या नावाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत 'श्रायबर' लिहिलेलं. पुसलं नाही.